नऊनं भाग जातोय का बघ

सत्तावीस रुपयांचा मेळ लागत नव्हता म्हणून अण्णा त्या रात्री जेवायला घरी आले नाहीत.

१९९० चा मार्च संपत आला होता. हळदीचा हंगाम आणि त्यात वर्षअखेर. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी होते. आईनं डबा भरून दिला, "त्यांनी खाल्ल्याशिवाय परत आणू नकोस" म्हणाली, आणि मी सायकल मारत गावभागातून यार्डात गेलो. रात्रीच्या यार्डाचा वास वेगळा असतो. सौद्यात ओतलेली हळकुंडं पोत्यात परत गेलेली असतात, पण त्यांची पिवळी धूळ दिव्यांवर, तागड्यांवर, हमालांच्या पापण्यांवर तशीच बसलेली असते. पेढीत गादीवर लाल कापडी बांधणीच्या वह्या उघड्या पडल्या होत्या आणि अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बसले होते.

तेरीज जुळत नव्हती. वर्षभराच्या सगळ्या खात्यांची जमा एका अंगाला, नावे म्हणजे डेबिट दुसऱ्या अंगाला, आणि खाली दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या सत्तावीस रुपयांनी वेगळ्या येत होत्या. मी दहा वर्षांचा. म्हटलं, सत्तावीस रुपयेच ना? मालकांनी खिशातून टाकावेत की. शेजारचा कारकून हसला. अण्णा हसले नाहीत.

"पैसे कमी नाही पडले रे. हिशेब चुकलाय. एकीकडं दहा हजाराची चूक असंल, दुसरीकडं नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरची असंल, आणि एकमेकीत वजा होऊन वर सत्तावीस दिसायलेत. तुला काय ठाऊक?"

मला खरंच काही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी कागदावर २७ लिहिले आणि म्हणाले, "नऊनं भाग जातोय का बघ."

जात होता. "म्हणजे कुठंतरी आकडा उलटा पडलाय." ६३ च्या जागी ३६ लिहिले की फरक २७. ८५ च्या जागी ५८, तरी २७. दशकातला अंक एककात आला की तो स्वतःच्या नऊपट घटतो, एककातला दशकात गेला की नऊपट वाढतो, म्हणून फरक कायम नवाच्या पटीत. आणि २७ म्हणजे तीन नवं, तेव्हा शोधायचे ते फक्त असे आकडे ज्यांच्या दोन अंकांत तीनचं अंतर आहे. ०३, १४, २५, ३६, ४७, ५८, ६९ आणि त्यांचे उलटे. हजारो नोंदींतून एकदम मोजक्याच उरल्या. मी वाचायचं, अण्णांनी खूण करत जायचं. साडेअकराला हमालीच्या खात्यावर सापडलं. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत ६३, आणि त्याच नोंदी खातेवार उतरवायच्या खतावणीत ३६.

ही चूक मराठी माणसाकडून व्हायचीच. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी तोंडातून जातो आणि कागदावर सहा आधी पडायला हवा. कुणी भरभर सांगितलं की लिहिणाऱ्याचा हात कानाच्या मागं धावतो. जर्मन भाषेतही हीच तऱ्हा आहे, तेही तीन-आणि-साठ म्हणतात, हे मला फार नंतर कळलं तेव्हा आपल्याला सोबती मिळाल्यासारखं वाटलं. त्या रात्रीपासून अण्णांनी मला आकडे सुटे सांगायला लावले. त्रेसष्ट नाही. सहा, तीन.

बाकी नियमही हळूहळू कळत गेले. फरक सम असला तर निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. फरक एखाद्या नोंदीएवढाच असला तर ती खतवायची राहिलीय. आणि काहीच सापडलं नाही तर? तर शेवटी उचंत खातं. न उलगडलेली रक्कम तिथं टाकायची, तेरीज जुळवायची आणि शोध चालू ठेवायचा. अण्णांना उचंत खात्याची लाज वाटायची. पण बेरीज मुद्दाम 'बसवणारा' दिवाणजी त्यांच्या लेखी त्याहून हलका. उचंत निदान प्रामाणिक असतं, फरक आहे हे उघड लिहिलेलं असतं.

आठवी-नववीत मला नगर वाचनालयाची चटक लागली. विज्ञानाच्या कपाटातली पुस्तकं मी कळो न कळो घरी आणायचो. त्यात एकदा नेपच्यूनच्या शोधाची हकिकत वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढं एकदम ती गादी उभी राहिली.

विल्यम हर्शलला युरेनस सापडला १७८१ मध्ये. नंतर त्याच्या जागेची कोष्टकं तयार झाली, आणि युरेनस त्या कोष्टकांप्रमाणं चालेना. फरक फार नव्हता, पण दर दशकाला बदलत चालला होता. पॅरिसमध्ये अर्बें ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये जॉन कूच अ‍ॅडम्स, दोघांनी एकमेकांना न सांगता एकच हिशेब मांडला, की पलीकडं न खतवलेली एक नोंद आहे. दिसत नसलेला ग्रह युरेनसला ओढतोय. ल व्हेरिएचं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेच्या हाती पडलं २३ सप्टेंबर १८४६ ला. त्याच रात्री गाले दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा सांगत गेला आणि त्याचा तरुण मदतनीस नकाशावर पडताळत गेला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची. थोड्याच वेळात मदतनीस म्हणाला, हा तारा नकाशात नाही. सांगितल्या जागेपासून एक अंशही लांब नव्हता.

मी हे अण्णांना रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण फरक ग्रहामुळंच कशावरनं? वहीच चुकली असंल तर?"

तेव्हा मला वाटलं, यांना खगोलशास्त्रातलं काय कळतंय. पुढच्याच प्रकरणात त्यांचा प्रश्न माझी वाट बघत बसला होता.

नेपच्यूननंतर ल व्हेरिए बुधाकडं वळला. सूर्याभोवतीची बुधाची लांबट कक्षा स्वतःच हळूहळू फिरते. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग विकला. पंचांगवाल्यांच्या या मापानं बोलायचं तर ही कक्षा शतकाला सुमारे ५७४ विकला फिरते. शुक्र, पृथ्वी, गुरू यांच्या ओढीचा जमाखर्च मांडला की ५३१ चा हिशेब लागतो. उरतात ४३. ल व्हेरिएला १८५९ मध्ये ३८ मिळाल्या होत्या, पुढं आकडा सुधारला. हे ४३ किती, तर याच वेगानं पूर्ण फेरा व्हायला सुमारे तीस लाख वर्षं लागतील. एवढ्याशा फरकासाठी कुणी रात्र जागवेल का? पण एकदा ग्रह सापडलेल्या माणसाला दुसरा ग्रह दिसणारच. त्यानं सांगितलं, सूर्य आणि बुधाच्या मध्ये आणखी काहीतरी फिरतंय. त्या नसलेल्या ग्रहाला व्हल्कन हे नावसुद्धा मिळालं.

आणि तो 'सापडला' देखील. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या लेस्कार्बो नावाच्या डॉक्टरनं कळवलं, की सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका जाताना मी पाहिला. ल व्हेरिए स्वतः त्याच्या दारात जाऊन थडकला. डॉक्टर आपले हिशेब लाकडी फळीवर करायचा आणि जागा संपली की फळीला रंधा मारायचा. मला तो माणूस फार आवडतो. त्याला मानाचं पदकही मिळालं. पण पुढं कितीही ग्रहणं झाली, कितीही दुर्बिणी रोखल्या, तरी व्हल्कन कुणाला खात्रीनं दिसला नाही. ल व्हेरिए वारला २३ सप्टेंबर १८७७ ला, नेपच्यून सापडल्याच्या बरोबर तारखेला, व्हल्कनवरचा विश्वास तसाच ठेवून.

नोंद राहिलीच नव्हती. वहीचे नियमच अपुरे होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचे आपले नवे समीकरण बुधाला लावून बघितले आणि ४३ विकला आपोआप बाहेर आल्या, एकही आकडा न बसवता. छातीत धडधड झाली, असं त्यानं पुढं मित्रांना सांगितलं. ती धडधड मी पाहिलीय. साडेअकराला, यार्डात, हमालीच्या खात्यावर.

खगोलशास्त्रज्ञ केपलरची गोष्ट याच्याही आधीची. टायको ब्राहेची निरीक्षणं म्हणजे त्या काळातली सगळ्यात चोख कीर्द, आणि तीही दुर्बीण यायच्या आधीची, नुसत्या डोळ्यांनी लिहिलेली. केपलरनं तिच्यातला मंगळ घेऊन गोल कक्षेत बसवायचा घाट घातला. एकच आकडेमोड निदान सत्तर वेळा केली, आणि वाचकाला कंटाळा आला असेल तर माझी कीव करा असं पुस्तकातच लिहून ठेवलं. शेवटी आठ कलांचा फरक उरला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. टॉलेमीच्या काळापासून दहा कलांची चूक चालून जायची, तेव्हा केपलरनंही चालवून घेतली असती तर कुणी बोललं नसतं. पण टायको असा चुकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. गोल गेला, लंबवर्तुळ आलं, १६०९ मध्ये पुस्तक निघालं. वहीवर विश्वास असला की माणूस स्वतःची समजूत मोडायला तयार होतो, असं मला यात दिसतं. उलट खात्याचा प्रकारही आहे. २०११ मध्ये जिनिव्हाजवळून इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले आणि जगभर आरडाओरडा झाला. शेवटी मूळ कारण सापडलं ते एका नीट न बसलेल्या केबलच्या जोडात. आधी आपली बेरीज तपास, मग शेतकऱ्याला विचार, असं अण्णा म्हणायचे.

आणि उचंत खातं? ते विश्वाच्या वहीत आज केवढं तरी मोठं आहे. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीनं कोमा दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला तर दिसणाऱ्या वस्तुमानात त्या दीर्घिका एकत्र टिकायलाच नको होत्या. १९७० च्या सुमारास व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या चमकत्या वायुमेघांचे वेग मोजले. ते केंद्रापासून लांब जाऊनही कमी होईनात. तेव्हापासून तेरीज जुळवायला एक रक्कम धरलेली आहे, कृष्णद्रव्य नावाची. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के. म्हणजे दुकानाची उलाढाल शंभर रुपयांची आणि त्यातले पंच्याऐंशी उचंतला. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मालक कोण आहे?"

सांगलीला फरकाचं अप्रूप नवं नाही. पंचांग आणि आकाश यांचा मेळ बसत नाही म्हणून लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं ज्योतिष परिषद भरली होती ती इथंच. आपल्याकडचे कितीतरी पंचांगकर्ते गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वर हिशेब करत. तो ग्रंथ १५२० चा, आकडेमोड सोपी करणारा, फार हुशारीनं रचलेला. पण कितीही हुशार कोष्टक असलं तरी शतकामागून शतक त्याच्यात धूळ साठतेच. टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकातच इंग्रजांच्या नॉटिकल अल्मनॅकशी, म्हणजे खलाशांसाठीच्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांशी ताडून पंचांग काढलं, तेव्हा धर्म बुडाला म्हणून ओरडणारेही निघाले. संक्रांत चौदा जानेवारीलाच असते, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आपलं ताऱ्यांवरून मोजलेलं नाक्षत्र वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं. सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतो. आता पंधरा जानेवारी येऊ लागली आहेच. तिळगूळ तोच.

त्या नॉटिकल अल्मनॅकमागं कोण होतं, तर कॉम्प्युटर. माणसं. १७६७ पासून दरवर्षी निघणाऱ्या त्या पुस्तकाची आकडेमोड इंग्लंडभर विखुरलेले लोक घरी बसून करायचे आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच कॉम्प्युटर. एकाच महिन्याचा हिशेब दोघांना वेगवेगळा करायला द्यायचा आणि तिसऱ्यानं ताडून बघायचा, अशी पद्धत. दोन बहाद्दरांनी एकमेकांचं उतरवून काढलं. दोघांचे आकडे जुळत होते, चुकासकट. नोकरी गेली. अण्णांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. नेपच्यून वगैरे ठीक.

चार्ल्स बॅबेज याच जगातला. १८२१ मध्ये तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शल, युरेनसवाल्या हर्शलचा मुलगा, खगोलशास्त्राची कोष्टकं ताडून बघत बसले होते. चुकाच चुका. हे हिशेब वाफेवर व्हायला हवे होते, असं बॅबेज वैतागून म्हणाला आणि त्यानं जे यंत्र योजलं त्याचं नावच मुळी फरकाचं यंत्र, डिफरन्स इंजिन. तत्त्व इतकं साधं, की दिवाणजीला पाच मिनिटांत कळावं. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांच्यातले फरक ३, ५, ७, ९. त्या फरकांतला फरक कायम दोन. म्हणजे दोन मिळवत गेलं की फरक मिळतो, फरक मिळवत गेलं की वर्ग मिळतो. गुणाकार लागतच नाही. अडचण सगळी हातच्याची. ९९९९ मध्ये एक मिळवला की हातचा शेवटपर्यंत धावत गेला पाहिजे आणि पितळी चाकं अडकता कामा नयेत. बॅबेजला छपाईही यंत्राकडूनच हवी होती, कारण बरोबर आलेला आकडा खिळे जुळवणारा चुकवायचा. सहा, तीन. सरकारनं त्या यंत्रावर सतरा हजार पौंडांवर खर्च केला आणि १८४२ मध्ये नाद सोडला. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं यंत्र बांधलं ते १९९१ मध्ये, बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा. चाललं.

आमच्या अण्णांच्या पेढीवर कॉम्प्युटर आला १९९८ मध्ये. डॉसवरचा हिशेबाचा प्रोग्राम, करकर करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि तो चालवायला एक पोरगा. मालकांनी अण्णांना सांगितलं, दिवाणजी, आता आराम करा. अण्णांनी आराम असा केला, की शेतकऱ्याला द्यायची छापून आलेली प्रत्येक हिशेबपट्टी ते हातानं पुन्हा बेरजेला घेऊ लागले. अडत, हमाली, तोलाई, वजा जाता निव्वळ. तीन महिने काही सापडलं नाही. मग एका पट्टीत एक पैसा सापडला. वरच्या रकमांची बेरीज छापील बेरजेपेक्षा एका पैशानं कमी.

"काका, एक पैसाच की," पोरगा म्हणाला. झालं. हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, सगळं येतं अशा थाटात. मी समजावलं, की मशीन पोटात पैशाचे तुकडेही धरून ठेवतं, कागदावर दाखवताना प्रत्येक ओळ जवळच्या पैशाला आणतं, पण बेरीज मात्र पोटातल्या आकड्यांची करतं. म्हणून असा फरक येतो. अण्णा म्हणाले, "शेतकऱ्याच्या हातात कागद जातोय. त्याला पोटातलं काय दिसायलंय? कागदावर दिसतंय त्याचीच बेरीज पाहिजे." प्रोग्राम बदलून घ्यावा लागला. आज मी हेच वाक्य माझ्या हाताखालच्या पोरांना ऐकवतो आणि ती मला जुनाट समजतात.

माझं स्वतःचं नाक कापलं गेलं २००६ मध्ये. एका पतसंस्थेसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. रोजची तेरीज कधी जुळायची, कधी एखाद्या पैशानं हुकायची. दोन रात्री घालवल्यावर कळलं, की मी रक्कम रुपयांत, दशांश चिन्हासकट साठवत होतो. दशांशात एक तृतीयांश कधी पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं. तसाच द्विमानात, म्हणजे कॉम्प्युटरच्या नुसत्या शून्य-एकच्या लिपीत, एक दशांश पुरा लिहिता येत नाही. कॉम्प्युटर तो कुठंतरी तोडतो. ०.१ दहा वेळा मिळवून बघा, एक येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतात. दहा पैसे म्हणजे यंत्राच्या लेखी कायमची उधारी.

अण्णांना सांगितलं. त्यांना एक क्षणही लागला नाही. "मग रुपयांत कशाला लिहिताय? पैशांत लिहा. पैशाला कुठं अपूर्णांक असतोय?" जगभरचे शहाणे प्रोग्रामर हेच करतात. मी चार वर्षं शिकून विसरलो होतो.

पण त्या रात्री मला एक गंमत सुचली. अण्णा १९३७ चे. त्यांनी हिशेब शिकला तो आण्यांत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी त्यांना अजून तोंडपाठ आहेत. साडेतीनाचा पाढा म्हणताना त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा हेल काढतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, औट, सोळावा भाग म्हणजे आणा: हे सगळेच्या सगळे अपूर्णांक कॉम्प्युटरला अगदी तंतोतंत लिहिता येतात, कारण ते दोनानं भागत भागत झालेले आहेत. अडचण फक्त पैची, आण्यात बारा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आपण यंत्राला न झेपणारा अपूर्णांक खिशात घेतला. आण्यांवरच थांबलो असतो तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "उगं काय तरी." पण गालात हसत होते.

एक दशांशाचं हे हसण्यावारी नेण्यासारखं नेहमीच नसतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पेट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत शंभर तास चालू होतं. दर दशांशात तुटलेला तो कण साठत साठत ०.३४ सेकंदांचा फरक झाला. तेवढ्यात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढं गेलेलं असतं. २८ सैनिक मेले. यावर अण्णांना काही विचारायचं मला धैर्य झालं नाही.

इंटेलच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपचं तर अण्णांच्या धंद्यातलंच. १९९४ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि ती जुळेना. स्वतःचा प्रोग्राम तपासला, दुसरं मशीन लावलं, महिनोन्‌महिने घालवले, आणि मगच बोट चिपकडं दाखवलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं तर १.३३३८२ यायला हवेत, ती चिप १.३३३७३ दाखवायची. भागाकारासाठी तिच्या पोटात जे कोष्टक कोरलं होतं त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. औटकीत पाच ओळी गाळून पाठ करावं तसं. कंपनीला ४७.५ कोटी डॉलर मोजावे लागले.

आणि पंच्याहत्तर सेंटवाला क्लिफर्ड स्टोल. खगोलशास्त्रज्ञ माणूस, अनुदान संपलं म्हणून १९८६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायला लागला. पहिलंच काम दिलं ते हिशेबातला ७५ सेंटचा फरक शोधायचं. कुणीतरी नऊ सेकंद पैसे न भरता मशीन वापरलं होतं. कुणीही उचंतला टाकून चहाला गेलं असतं. यानं धागा सोडला नाही आणि तो थेट जर्मनीत, हानोफरमध्ये, रशियाच्या केजीबीला माहिती विकणाऱ्या माणसापर्यंत पोचला. पंच्याहत्तरला नऊनं भाग जात नाही, हे मी वाचल्या वाचल्या करून बघितलं. सवय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत आलं. आम्ही अण्णांना आधीच विश्रामबागला मावशींकडं हलवलं होतं. नगर वाचनालयातही पाणी शिरलं. ज्या कपाटातून मी नेपच्यून घरी नेला होता तिथल्या पुस्तकांचा लगदा झाला असणार, मी बघायला गेलो नाही. आठवड्यानं घर उघडलं तेव्हा चिखलाचा वास आणि त्यात कुठंतरी, शपथेवर सांगतो, हळदीचा.

पेढी बंद झाली तेव्हा जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. अण्णांनी त्यातल्या दोन घरी आणल्या होत्या. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. दोन्ही खालच्या कपाटात होत्या. एक गेलीच. दुसरी फुगली होती पण शाई धरून होती. मी पानं सुटी करून पंख्याखाली वाळवत ठेवली आणि त्यात मला ती ओळ दिसली. उचंत खाते, चार रुपये पस्तीस पैसे, साल १९८७-८८. पुढच्या पानावर तीच रक्कम मागील बाकी म्हणून ओढलेली. त्याच्या पुढच्याही.

वही घेऊन विश्रामबागला गेलो. अण्णा ब्याऐंशीचे. ऐकू कमी येतं, पण ती ओळ दाखवल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"चारशे पस्तीस. नवानं जात नाही. निम्मं होत नाही. तेवढी एक नोंदही कुठं नाही." मग जरा थांबून, "त्या सालची कीर्द वाळली का?"

ती गेली होती. मी सांगितलं. बराच वेळ त्यांनी बोटानं पानाची कडा चाचपली.

"खतावणी तर आहे की," ते म्हणाले. "वाच."

मी खुर्ची त्यांच्या चांगल्या कानाकडं ओढली, पहिलं पान काढलं आणि वाचायला लागलो. पाच, दोन. एक, आठ, शून्य. सहा, तीन.